तुले काय येत नाही?

तिच्या अंबाड्यात टेस्टर खोचलेला असायचा. बाकीच्या पोट्ट्या केसांना क्लचर लावायच्या. ही केस गुंडाळून त्यात पिवळ्या दांड्याचा, तारेत करंट आहे का ते पाहायचा टेस्टर खुपसायची, आणि मग तोच टेस्टर अख्ख्या वर्कशॉपभर शोधत फिरायची. "माहा टेस्टर कोनं नेला बे?" नेलेला कोणीच नसायचा. तो तिच्याच डोक्यावर आहे हे सगळ्यांना दिसायचं, पण सांगायला कोणी धजायचं नाही. सांगितलं की सांगणाऱ्यावरच तापायची, "मंग इतका वेळ तमाशा पाहून राह्यला होता काय?" त्यापेक्षा आम्ही तिच्याबरोबर टेबलाखाली वाकून शोधायचं नाटक करायचो. बाप्पा, किती वेळा गुडघे काळे केले असतील त्या फरशीवर.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज मध्य प्रदेशातल्या सौसरच्या बाहेर, कपाशीच्या वावरांच्या मधोमध होतं. मी पांढुर्ण्याचा, कापडाच्या दुकानातला. दुकानात बसायला मोठा भाऊ होता, म्हणून मला इंजिनिअर व्हायला पाठवलं, याहून मोठं कारण काही नव्हतं. ती सौसरची, शाळेतल्या मास्तरांची मुलगी, इलेक्ट्रिकलला, माझ्याहून एक वर्ष पुढे. नाव होतं तिला, चांगलं होतं, पण ते हजेरीपुरतंच. बाकी सारं कॉलेज तिला ताई म्हणायचं. लॅबमधले पांढऱ्या मिशांचे अटेंडंट ताई म्हणायचे, आणि प्रोजेक्टर बंद पडला की खुद्द प्रिन्सिपल साहेब म्हणायचे, "अरे, ताई को बुलाओ."

पहिल्या वर्षी तिच्या प्रोजेक्ट टीममध्ये जायचं म्हणून मी तिच्यापुढे उभा राहिलो. घरून पाठ करून गेलो होतो, मला हे येतं, मला ते येतं, कॉम्प्युटर येतो, बोलता येतं. ती एका मिक्सरचं पोट उघडून बसली होती. वर न बघता म्हणाली, "ते ठीक आहे. तुले काय येत नाही?"

मी म्हटलं, "तसं सगळंच थोडं थोडं येते."

"मंग जा. सगळं येनारे आमच्याइथं भल्ले हायेत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी चिडून म्हणालो, "मले सोल्डरिंग येत नाही. हात थरथरते. अन् मले करंटची भीती वाटते, झालं?" तिनं पहिल्यांदा मान वर केली, हसली, आणि बाजूचं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं. करंटची भीती नसलेला माणूस तिला टीममध्ये नकोच होता, हे पुढे कळलं.

आमच्या भागात कुठल्याही कामाला एकच उत्तर असतं, "होऊन जाईन." गवंडी तेच म्हणतो, मंडपवाला तेच म्हणतो, ऑफिसातला साहेबही तेच म्हणतो. ताईच्या वर्कशॉपमध्ये हे दोन शब्द बंद होते. कोणी म्हटलंच, तर ती त्याच्या हातातला पाना काढून घ्यायची आणि बाहेर पाठवायची. तिचं म्हणणं असं की 'होऊन जाईन' म्हणणाऱ्याच्या हाती पाना देऊ नये, त्याच्या हाती चहाची किटली द्यावी. आणि खरंच द्यायची. आमच्यातला गुड्डू नावाचा पोट्टा पहिल्या वर्षभर चहाच आणत होता. बिचारा स्वभावानं अबोल, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं म्हणून सवयीनं 'होऊन जाईन' म्हणायचा, आणि किटली घेऊन निघायचा.

समाजसेवा हा तिच्या डोक्यातला दुसरा किडा. कॉलेजचं सेवा शिबिर एकदा लोधीखेड्याला होतं. शिबिर म्हणजे काय, गावात रॅली काढायची, भिंतींवर गेरूनं 'पानी बचाओ' लिहायचं, फोटो काढायचे आणि मसालेभात खाऊन परत यायचं. ताईनं ब्रश हातात घ्यायला साफ नकार दिला. "भिंतीवर लिहून पानी वाचत नाही. नळाचा वायसर बदलला का वाचते." पिशवीभर वायसर घेऊन ती घरोघर हिंडली. पहिल्या दोन-तीन घरी बायकांनी तिला सेल्सगर्ल समजून हाकललं. चौथ्या घरी एका म्हातारीनं नळ दाखवला, आणि त्यानंतर गल्लीतल्या बायका रांग लावून उभ्या राहिल्या. नळ झाला की पंखा, पंखा झाला की मिक्सर. शिबिर संपलं तरी तिचं लोधीखेडं संपेना. पुढे कित्येक महिने ती दर शनिवारी बसमधून कोणाकोणाचे मिक्सर घेऊन जा-ये करत होती. कंडक्टर म्हणायचा, "काय व ताई, आज जोडीनं चालल्या काय?" आणि मांडीवरच्या मिक्सरकडे बोट दाखवायचा. ती अगदी गंभीरपणे मिक्सरला काय झालंय ते त्याला समजावून सांगायची.

एवढं सगळं कौतुक खरं. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे चित्र खोटं होईल. तिचा कोणावर भरोसा नव्हता.

आम्ही दिवसभर वायरिंग करायचो, स्क्रू आवळायचो, घाम गाळून घरी जायचो. सकाळी येऊन पाहतो तर तेच काम जास्त सफाईनं केलेलं. आधी वाटलं, आपल्याच हातात जादू आली. मग एकदा मी विसरलेला डबा घ्यायला परत गेलो तर ताई एकटी बसून आमचं काम उसवून पुन्हा करत होती. मी दिसलो तरी ओशाळली नाही. म्हणाली, "वाईट नोको मानू. तुमचं चांगलंच असते. पन मले मंग झोप येत नाही." ही बातमी मी टीममध्ये सांगितली. भांडलं कोणीच नाही. फक्त त्या दिवसापासून आम्ही डोकं चालवायचं बंद केलं. ताई सांगेल ते करायचं, ताई म्हणेल त्याला हौ म्हणायचं. ताई साऱ्याचा विचार करते, मग आपण कशाला करायचा? तिला वाटायचं टीम भल्ली शिस्तीची झाली.

ती तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही जवळच्या रामाकोना गावातली एक बाग हाती घेतली. बाग गुड्डूच्या घरची, संत्र्याची. त्याचे बाबा बैतूलला सरकारी नोकरीत, महिन्यातून एकदा घरी येणारे. बाग सगळी त्याची आईच पाहायची. तिला आम्ही काकू म्हणायचो. काकू तोंडानं फटकळ, पण चहा आणि वर चिवडा घेतल्याशिवाय कोणाला फाटकाबाहेर जाऊ द्यायची नाही. शेतीची लाइन, म्हणजे वीज, यायची रात्री-बेरात्री, आणि काकूला उठून विहिरीवर मोटर सुरू करायला जावं लागायचं. यावर ताईनं एक डबा बनवला. झाडांच्या आळ्यात दोन खुंट्या रोवल्या, त्या माती किती ओली आहे ते सांगणार. माती कोरडी झाली आणि लाइन आली की डबा मोटर सुरू करणार, ओली झाली की बंद. काकूनं डब्याला आधी चारी बाजूंनी पाहिलं.

"हा सुट्टी मांगते काय?"

"नाही, काकू."

"मंग माह्या घरच्या मानसाईपेक्षा बरा हाये."

दिवाळीपर्यंत डब्यानं इमानेइतबारे काम केलं. काकू शेजारणींना बोलावून दाखवायची. भोपाळला इंजिनिअरिंग कॉलेजांची एक मोठी स्पर्धा व्हायची, तिच्यासाठी आमचा डबा निवडला गेला, आणि आमच्या गाइड सरांनी आनंदानं पूर्ण स्टाफला पेढे वाटले.

आता इथं, ज्यांच्या घरी संत्रा नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. थंडीत संत्र्याच्या झाडाचं पाणी मुद्दाम तोडतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतातही. पाहणाऱ्याला वाटावं बाग गेली. मग वेळ पाहून पाणी सोडलं की झाड अंगभर फुलतं. त्या उपाशी ठेवण्याला ताण म्हणतात, आणि त्यातून येतो तो आंबिया बहार. ताणात मधेच पाणी मिळालं, तर झाड निवांत होतं आणि नुसती कोवळी पानं काढत बसतं. फुलं नाहीत, मग फळही नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं, मी कापडवाल्याचा. ताईला माहीत नव्हतं, ती मास्तरांची. टीममधले बाकी सगळे संत्र्याच्या घरचे होते.

त्या थंडीत काकूनं बाग ताणावर सोडली, मोटरीचा मेन स्विच खाली केला, आणि भाचीच्या लग्नाला गुड्डूला घेऊन पांढुर्ण्याला गेली. ताणात बागेत काही काम नसतं, म्हणून तर लग्नाला आठवडाभर राहायची चैन. त्याच आठवड्यात ताईला डब्याची आठवण आली. मला घेऊन ती रामाकोन्याला गेली. फाटकातून आत शिरताच तिचा चेहरा पडला. पानं लोंबत होती, आळ्यांतली माती भेगाळलेली, आणि पंपाच्या खोलीत मेन स्विच बंद. "काकू लग्नाच्या गडबडीत चालू करायचंच विसरली," ती म्हणाली, आणि तिनं खटका वर केला. नेमकी तेव्हा लाइन होती. मोटर सुरू झाली, पाणी आळ्यांत पसरलं, तशी ती कडेला बसून झाडांकडे अशा मायेनं पाहत राहिली की मलाही बरं वाटलं. मग तिनं गुड्डूला फोन लावला.

"गुड्डू, तुमची बाग पार सुकून राह्यली होती. मी चालू करून देल्ली. काकूले म्हन, काळजी नोका करू."

पलीकडे लग्नाचा बँड वाजत होता. गुड्डू त्या आवाजापासून जरा लांब गेला. मग म्हणाला, "हौ, ताई."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये तिनं हीच गोष्ट टीमला सांगितली. संत्र्याच्या घरचे ते सगळे पोट्टे एकमेकांकडे पाहत राहिले. कोणी चहाचा घोट घेतला, कोणी स्क्रू मोजू लागला.

लग्न आटोपून काकू परत आली, आणि तिनं आम्हाला बोलावून घेतलं. आम्ही सगळे गेलो. विहिरीकडच्या तुकड्यात आळी काळीभोर ओली होती, आणि झाडं हिरवीगार, ताजीतवानी उभी होती. काकू बांधावर बसली होती. तिनं चहाचं विचारलं नाही.

"हे कोनं केलं?"

"मी केलं, काकू," ताई म्हणाली. "पानं गळून राह्यली होती."

"मंग गळू द्याची होती नं, पोरी. मीच वाळवून राह्यली होती तिले." आणि मग काकूनं तिला ताण काय असतो ते सांगितलं. ओरडून नाही, शांतपणे सांगितलं, आणि ते जास्त वाईट होतं. "वरसभराचा बहार हाये हा माहा. आता हे झाड फुलते का नाही, कोन सांगन?"

ताई गुड्डूकडे वळली. "तुले माहीत होतं?"

"हौ."

"मंग फोनवर हौ काहून म्हटलं?"

गुड्डू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "मले वाटलं तुमी काही तरी विचार केला असन. तुमी तर साऱ्याचाच विचार करता." जरा थांबून तो म्हणाला, "अन् तुमाले सांगावं कोनं, ताई?"

तिनं एकेकाला विचारलं. तुले माहीत होतं? हौ. तुले? हौ, ताई. सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, आता फुटते ही, आता एकेकाची खैर नाही. पण तिनं खाली वाकून आळ्यातली ओली माती मुठीत घेतली. शेवटी काकूच बोलली. "इतके मानसं, अन् बोलनारा एक नाही. बागेचं पाहू काय होते थे. पन हे बरं नाही, बाई." आणि डब्याची वायर काढून तिनं त्याच्यावर पोतं टाकलं.

त्या पोत्यानं ताईला जेवढं लागलं तेवढं दुसऱ्या कशानंच लागलं नसेल. परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली, आणि लपवायचाही प्रयत्न केला नाही. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट पाहिजे होती: काकूनं तो डबा पुन्हा बागेत लावू द्यावा. भोपाळच्या बक्षिसाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मागायला तोंड नव्हतं, म्हणून मागायचीही नाही.

आधी बहार वाचवायचा होता. काकू म्हणाली, पुन्हा ताणावर सोडू, पण खालची माती लवकर वाळली पाहिजे, तर काही आशा. मग आम्ही रोज सकाळी कॉलेजच्या आधी रामाकोन्याला जाऊन आळ्यांतली ओली माती उकरायचो आणि उन्हाला उघडी करायचो. मुकादम काकू. ताई कुदळ जोरात हाणायची, तर काकू लांबून ओरडायची, "मुळ्या तोडशीन काय? उथळ खोद, उथळ." ताई म्हणायची, "हौ, काकू." कोणाचं ऐकून 'हौ' म्हणताना आम्ही तिला पहिल्यांदाच पाहत होतो. हाताला फोड आले, त्यावर तिनं इन्सुलेशनची काळी टेप गुंडाळली आणि पुन्हा कुदळ धरली.

भोपाळची स्पर्धा नेमकी त्याच दिवसांत आली. सरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "बेटा, ये सब वहाँ मत बोलना. दिवाली वाला वीडियो दिखाओ, बस." सर वाईट नव्हते, आमचं भलं व्हावं असंच त्यांना वाटत होतं. ताई म्हणाली, "सर, मी जात नाही. मले माती उकराची हाये. गुड्डू जाईन."

गुड्डूच्या हातातली किटली खाली पडायची बाकी होती. "मले बोलता येत नाही, ताई."

"म्हनूनच."

"अन् सांगू काय तिथं?"

"जे मले नाही सांगतलं, थे तिथं सांग."

मी त्याच्यासोबत गेलो. मोठा हॉल, एसी, कोट घातलेले परीक्षक. गुड्डू माइकपुढे उभा राहिला आणि इतका वेळ गप्प राहिला की मागे पोरं हसायला लागली. मग त्यानं सुरुवातच केली, "हमारी मशीन ने मेरी माँ का बगीचा बिगाड़ दिया." हसणं थांबलं. त्यानं ताण म्हणजे काय ते सांगितलं, मेन स्विचचं सांगितलं, फोनवरच्या 'हौ'चंही सांगितलं. एका परीक्षकानं विचारलं, मग तू बोलला का नाहीस? गुड्डू म्हणाला, "सर, हमारे यहाँ जो होशियार होता है, उसको कोई टोकता नहीं." बक्षीस काही मिळालं नाही. सरांनी पंधरवडाभर आमच्याशी अबोला धरला. पण परतीच्या गाडीत गुड्डू इतका बोलला, इतका बोलला की शेवटी मीच झोपेचं सोंग घेतलं.

तो बहार उशिरा आला, आणि विरळ आला. विहिरीकडची बरीच झाडं फुललीच नाहीत. काकूनं त्याबद्दल एक शब्दही काढला नाही, आणि ताई जेव्हा जेव्हा बागेत जायची तेव्हा त्याच झाडांपाशी जाऊन उभी राहायची.

वर्कशॉपमधली तिची रीत बदलली, पण सहज बदलली असं कोणी समजू नये. स्वभाव का एका दिवसात जातो? नवीन काम आलं की ती उलट्या बादलीवर बसायची आणि सगळ्यांत नवख्या पोराला विचारायची, "हे कुठी फसन, सांग." आणि स्वतः गप्प राहायची. गप्प राहणं तिला इतकं अवघड जायचं की हातात पक्कड घेऊन ती उघड-मिट, उघड-मिट करत बसायची. सुरुवातीला कोणीच बोलायचं नाही. चहावर साय धरायची, पण तीही हटायची नाही. एक दिवस तिनं असंच विचारलं, तर पहिल्या वर्षाची एक बारकीशी पोट्टी घाबरत घाबरत म्हणाली, "ताई, फसन की नाही ते माहीत नाही, पन तुमी मघापासून शोधून राह्यल्या नं, थो टेस्टर तुमच्या डोक्यात हाये."

ताईनं हात वर नेला, टेस्टर काढला, त्याच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं. "किती वर्साचं चालू हाये हे?" आणि ती अशी हसत सुटली की बादलीवरून घसरली. त्यानंतर आम्हाला कंठ फुटला. आमचं काम उसवणंही तिनं सोडलं. मी सोल्डरिंग करताना ती मागे उभी राहायची, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून. माझा टाका दिसायला ओबडधोबड व्हायचा, पण निघायचा नाही. आता ती नागपूरला पंपांच्या कारखान्यात आहे, हाताखाली पंधरा-वीस माणसं आहेत, आणि ऐकतो की तिथंही मीटिंगमध्ये ती सगळ्यांत शेवटी बोलते. पक्कड अजून हातात असते का, ते विचारायला पाहिजे.

पुढची थंडी आली. ताईचं शेवटचं वर्ष. तिनं नवा डबा बनवला होता, त्याला चावी होती. ताणात चावी फिरवून काढून घेतली की खटका वर करा नाही तर नाचा, मोटर सुरू होणार नाही. डबा टेबलावर ठेवून ती रोज पुसायची, पण रामाकोन्याचं नाव काढायची नाही. शेवटी गुड्डूनंच घरी सांगितलं, आणि काकूचा निरोप आला, घेऊन या, पाहून तर घेऊ. पाहून घेऊ म्हणजे लावू असं नाही, हे काकूनं आम्ही पोचल्या पोचल्या सांगून टाकलं.

ताईनं डबा पंपाच्या खोलीत ठेवला आणि विचारलं, "काकू, हे कुठी फसन?"

काकूनं कंबरेवर हात ठेवले. उंदीर वायर कुरतडतात. माकडं खुंट्या उपटतात. पावसात खोली गळते. ताई एकेक ऐकत गेली, मधे बोलली नाही. मग काकू म्हणाली, "अन् तू आली तं? पानं गळून राह्यली असं तुले दिसलं तं?"

"मी आली तरी चालू होनार नाही, काकू. चाबी तुमच्यापाशी राहीन."

तेवढ्यात ती टेस्टरवाली पोट्टी म्हणाली, "ताई, डब्बा खिडकीखाली ठेवला तुमी. झड आली तर भिजन." ताईनं खिडकीकडे पाहिलं, "बराबर हाये," म्हणाली, आणि डबा उचलून दुसऱ्या भिंतीला नेला. काकू हे सगळं दारात उभी राहून पाहत होती. ती घरात गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं. डबा लागला.

बाग ताणावर गेल्यावर काकूनं चावी फिरवून आपल्या पदराच्या गाठीत बांधली. मग नागपूरला तिच्या मुलीचे दिवस भरत आले, आणि काकूला बाळंतपणाला जावं लागणार होतं. परीक्षा असल्यानं गुड्डू घरी राहणार होता. आम्हाला वाटलं, ती चावी सोबत घेऊन जाईल, नाही तर गुड्डूला देईल. निघायच्या दिवशी तिनं ताईला बोलावलं, पदराची गाठ सोडली आणि चावी तिच्यापुढे धरली.

"हे तू ठेव."

ताई मागे सरकली. "मले नोका देऊ, काकू. गुड्डूले द्या. मागच्या वर्सी मीच तं…"

"माहीत हाये मले, कोनं केलं थे. म्हनून तं देऊन राह्यली. बहाराचं पानी सोडाची येळ अजून आली नाही, मी परत येईपर्यंत आली तं तुमी मिळून पाह्यजा." तिनं चावी ताईच्या हातावर ठेवून तिची मूठ मिटली. "मशीनचं मले काही समजत नाही, पोरी. पन आता तुले कोनीही टोकते, अन् तू ऐकते. एवढं मले समजते." आणि पिशवी उचलून ती बसकडे चालू लागली.

त्यानंतर ताई दर दोन-तीन दिवसांनी रामाकोन्याला जायची, मी सोबत असायचो. झाडं वाळत होती. पानं पिवळी पडून आळ्यांत पडत होती, आणि प्रत्येक खेपेला बाग मागच्या वेळेपेक्षा केविलवाणी दिसत होती. तहानलेलं झाड पाहून या बाईच्या जिवाची काय तगमग होत असेल, ते मला दिसत होतं. ती झाडाखाली उभी राहायची, वाळकं पान हातात चुरायची, चावी खिशात चाचपायची. त्या वेळी मला तिच्याबद्दल जो आदर वाटला, तो मी तिला कधी बोलून दाखवला नाही. म्हणून इथं लिहून टाकतो.

मग गुड्डू पुस्तक हातात घेऊन घरातून यायचा. झाडाची फांदी वाकवायचा, डोळे बारीक करून पाहायचा.

"गुड्डू, देऊ काय पानी?"

"नाही, ताई. अजून नाही."

"बरं," ताई म्हणायची, आणि आम्ही बसस्टँडकडे निघायचो.